शेवटच्या रांगेतला चेहरा: विद्यार्थी नाटकाची रंगभूषा कशी बेतायची

विद्यार्थ्यांच्या नाटकातला म्हातारा लांबूनच ओळखू येतो. कपाळावर तीन आडव्या काळ्या रेघा, ओठांच्या दोन बाजूंना दोन कंस, आणि केसांत इतकी पावडर की नातवाने मिठी मारली की ढग उठतो. पहिल्या रांगेला त्या रेघा पेन्सिलीने काढलेल्या दिसतात. शेवटच्या रांगेला चेहरा नुसता मळलेला वाटतो. बिचाऱ्या नटाने चाल, आवाज, हाताची थरथर, सगळं महिनाभर घोटलेलं असतं, आणि प्रेक्षक त्या तीन रेघा मोजत बसतो.

रंगभूषेचा विचार आरशासमोर सुरू झाला की हे होतंच. आरसा हातभर अंतरावर असतो आणि त्याच्यावर साधा पांढरा दिवा. नाटक बघितलं जातं बऱ्याच लांबून आणि रंगीत प्रकाशात. त्यामुळे ब्रश उचलण्याआधी दोन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात: प्रेक्षक किती लांब बसणार आणि उजेड कुठून, कोणत्या रंगाचा येणार. पात्राचं वय, स्वभाव, आजारपण हे सगळं महत्त्वाचंच आहे, पण ते या दोन गोष्टींच्या चौकटीतच दाखवायचं असतं.

आधी अंतर मोजा

माणसाचा चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत साधारण 20 ते 22 सेंटिमीटर असतो. दहा मीटरवरच्या प्रेक्षकाला तो केवढा दिसतो? हात लांब करून स्वतःच्या अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढा. तुम्ही ज्या चेहऱ्यावर अर्धा तास खपणार आहात, त्याला मिळणारी जागा ही एवढीच.

आणखी एक हिशोब. नजर चांगली असलेल्या माणसाला दहा मीटरवरून दोन वेगळे ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण तीन मिलिमीटर अंतर लागतं. त्याहून जवळचे तपशील एकमेकांत मिसळतात. म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या फरकाने काढलेल्या चार बारीक सुरकुत्या तिथून सुरकुत्या दिसत नाहीत. त्यांचा एक करडा डाग होतो. मळकट चेहऱ्याचं मूळ इथे आहे. लांबच्या प्रेक्षकासाठी तपशील कमी करायचे आणि जे ठेवाल ते मोठे, ठळक ठेवायचे. चार सुरकुत्यांऐवजी डोळ्याखाली एक नीट विरवलेली सावली.

उलट, पुष्कळ विद्यार्थी नाटकं वर्गात, छोट्या हॉलमध्ये, कधी तीन बाजूंना प्रेक्षक बसवून होतात. पहिली रांग दोन मीटरवर असेल, तर चेहरा तिथून दहा मीटरच्या पाचपट मोठा दिसतो आणि प्रत्येक कड उघडी पडते. अशा जागी हात आखडता घ्यावा. बेस, म्हणजे सगळ्या चेहऱ्यावर लावायचा त्वचेच्या रंगाचा पहिला थर, अगदी पातळ, सावल्या फिक्या, आणि जे केसांनी, चष्म्याने किंवा कपड्यांनी सांगता येतं ते त्वचेवर रंगवायचंच नाही. सभागृह लांबलचक असेल तर पहिली आणि शेवटची रांग दोघींना खूश करता येत नाही. माझं मत विचाराल तर अशा वेळी मधल्या रांगेच्या जरा मागचा प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवावा. पुढच्यांना थोडा रंग दिसला तरी ते नाटक म्हणून चालवून घेतात. मागच्यांना चेहराच दिसला नाही तर त्यांच्या हातात काहीच उरत नाही.

मग उजेड बघा

चेहऱ्याला आकार येतो तो सावल्यांमुळे. दिवसाचा उजेड वरून येतो, म्हणून भुवईखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली सावली पडते आणि गालाची हाडं उजळतात. आपली नजर याला इतकी सरावलेली आहे की या सावल्यांवरूनच आपण चेहरा वाचतो. समोरून येणारा झगझगीत प्रकाश त्या पुसून टाकतो आणि चेहरा सपाट होतो. रंगभूषेचं निम्मं काम या हरवलेल्या सावल्या परत आणण्याचं आहे. दिवे फारच उभे, जवळजवळ डोक्यावर असतील तर उलट अडचण येते: डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा पापण्यांवर उजळ रंग लावून डोळे वर काढावे लागतात.

रंगभूषेचा इतिहासही उजेडाच्या मागोमाग चालला आहे. एकोणिसाव्या शतकात रंगमंचावर मेणबत्त्या जाऊन गॅसचे दिवे आले, मग वीज आली. लंडनचं सॅव्हॉय थिएटर 1881 मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळलं. दिवे प्रखर झाले तशी चेहऱ्यावरची कोरडी पावडर उघडी पडू लागली. त्याच काळात लुडविग लाइशनर या जर्मन ऑपेरा गायकाने 1873 मध्ये चरबीत रंगद्रव्य मिसळून केलेल्या रंगकांड्या विकायला सुरुवात केली. त्यांना ग्रीसपेंट म्हणतात. त्याआधीच्या पांढऱ्या रंगांत शिसं असायचं, ते नटांच्या अंगात भिनायचं. पुढे 1930 च्या दशकात रंगीत चित्रपटांसाठी मॅक्स फॅक्टरच्या कंपनीने ओल्या स्पंजने लावायचा पॅनकेक काढला. रंगभूषेच्या पेटीत तो आजही सापडतो.

आता रंगीत प्रकाशाकडे. याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. लाल लिपस्टिक लाल दिसते कारण ती उजेडातला लाल भाग परत पाठवते आणि बाकीचा गिळते. दिव्यापुढे हिरवं जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलं की उजेडात लाल भाग जवळपास उरतच नाही. परत पाठवायला काही नाही, म्हणून ओठ काळे दिसतात. निळ्या उजेडातही हेच. रात्रीच्या निळ्या प्रवेशात नायिकेचे गाल खंगल्यासारखे दिसले, तर तिच्या गालांवरची लाली त्या उजेडात सावली झालेली असते. लाल प्रकाशात याच्या उलट: त्वचाही लाल, ओठही लाल, त्यामुळे ओठ आणि लाली दोन्ही गायब. अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी उजेडात त्वचा छान दिसते, पण निळी आयशॅडो करडी पडते.

एलईडी दिव्यांनी यात भर घातली आहे. लाल, हिरवा आणि निळा मिसळून केलेला पांढरा उजेड भिंतीवर पांढराच दिसतो, पण त्यात मधले रंग तुटक असतात. हॅलोजनखाली जुळलेला बेस याच्याखाली गुलाबी किंवा हिरवट वाटू शकतो. म्हणून प्रकाशयोजना करणाऱ्याशी पहिल्याच आठवड्यात बोलावं. कोणत्या प्रवेशात कोणता रंग आणि किती वेळ, एवढी यादी मिळाली तरी पुरे. एखाद्या प्रवेशात दोन मिनिटंच हिरवा उजेड असेल तर रंगभूषा बदलायची गरज नाही. दिव्याचा रंग थोडा सौम्य करणं प्रकाशयोजना करणाऱ्याला सोपं जातं. अर्धं नाटक निळ्यात असेल तर मात्र लाली विटकरीकडे झुकवून आणि कमी करून लावायची.

संहितेतून चेहरा काढताना

संहिता वाचताना पात्राच्या चेहऱ्याबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारावेत. आयुष्याने या चेहऱ्याचं काय केलं? आणि या माणसाने सकाळी आरशात बघून स्वतः त्याचं काय केलं? पहिल्यात वय, आजार, ऊन, झोप, दारू, कष्ट येतात. दुसऱ्यात दाढी रोज करतो की तीन दिवसांनी, केस रंगवतो का, ती काजळ घालते का, घातलं तर हात स्थिर असतो का, हे सगळं. बहुतेक जण पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात. खरी गंमत दुसऱ्यात आहे, कारण स्वभाव तिथे दिसतो. पंचावन्न वर्षांची बाई तिशीतला मेकअप अजून तसाच करत असेल, तर तिच्याबद्दल एकही संवाद न बोलता बरंच काही कळतं. इथे दोन थर लागतात: खाली पंचावन्न वर्षांचा चेहरा आणि त्यावर तिने स्वतः केलेला, जरा जास्त झालेला मेकअप.

दिग्दर्शकाला प्रत्येक पात्राबद्दल एक प्रश्न जरूर विचारा: मागच्या रांगेतल्या माणसाला या चेहऱ्यावरून एकच गोष्ट कळणार असेल, तर कोणती? ‘थकलेला’ असं उत्तर आलं की काम सोपं होतं. ‘थोडा धूर्त, पण आतून हळवा, आणि लहानपणी खूप सोसलेलं’ असं उत्तर आलं तर ते काम नटाचं आहे, तुमचं नाही.

नाटक वास्तववादी नसेल तर नियम बदलतात. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातल्या कुमादोरी रंगभूषेत लाल पट्टे शौर्याचे आणि निळे दुष्टाचे किंवा भुताचे. कथकलीत उदात्त नायकाचा चेहरा हिरवा. तिथे रंग ही ठरलेली भाषा आहे आणि प्रेक्षकाला ती येते. तुमच्या नाटकात अशी भाषा नव्याने बनवायची असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला शिकवावी लागते आणि मग शेवटपर्यंत पाळावी लागते. एकाच पात्राच्या अर्ध्या चेहऱ्यावर निळा रंग फासून ‘प्रतीकात्मक आहे’ म्हणणं ही पळवाट झाली.

हाडं शोधा, रेघा नंतर

वीस वर्षांच्या मुलाला पासष्टीचा करायचाय. त्याला डोळे मिटून बसवा आणि बोटांनी चेहरा चाचपा. कानशिलाचा खळगा, डोळ्याच्या खोबणीची कड, गालाचं हाड आणि त्याखालची पोकळी, जबड्याची धार. वय वाढतं तसं त्वचेखालचं मांस आणि चरबी ओसरते, खाली सरकते. हाडांमधले खळगे खोल होतात आणि जबड्याची सरळ धार लोंबू लागते. म्हणून सावल्या कानशिलात, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, गालाच्या पोकळीत, आणि उजाळा, म्हणजे बेसपेक्षा उजळ रंग, हाडांच्या उंचवट्यांवर. दहा मीटरवरून म्हातारपण यातून दिसतं. सुरकुत्यांची पाळी शेवटी येते, आणि बऱ्याचदा येतच नाही.

सुरकुती हवीच असेल तर ती नटाच्या चेहऱ्यावर आधीच आहे तिथेच काढायची. त्याला हसायला, डोळे किलकिले करायला, भुवया उचलायला सांगा. घड्या पडतील तिथे खूण करा. दुसरीकडे काढलेली सुरकुती तो बोलायला लागला की हलत नाही आणि लगेच खोटी ठरते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी घ्या. तिथे नुसती रेघ मारली की कंस होतो. गडद रंगाची ओठाकडची कड स्पष्ट ठेवायची आणि गालाकडची बोटाने विरवत न्यायची, मग गालाच्या फुगवट्यावर उजळ रंग द्यायचा. एक कड तीक्ष्ण, दुसरी विरलेली, शेजारी उजाळा: चेहऱ्यावरच्या कोणत्याही घडीला हे तीन लागतातच. उजाळा विसरला की घडी सपाट पडते.

सावलीसाठी काळा रंग कधीही नको. बेसपेक्षा दोन-तीन छटा गडद तपकिरी, त्यात किंचित लाल किंवा जांभळट झाक. त्वचा सावळी किंवा गडद असेल तर सावली फारशी उठून दिसत नाही, अशा चेहऱ्यावर आकार घडवायचं काम उजाळ्यावर येतं. तोही पांढरा नको, त्याने त्वचा राखाडी दिसते. पिवळसर, सोनेरी किंवा मधासारखा घ्या. आणि बेस नटाच्या त्वचेच्या रंगाचाच हवा. नायक-नायिकेला सरसकट दोन छटा गोरं करून सोडायची खोड अजून जात नाही. ती दिसायलाही वाईट, आणि मान व हात उरलेलं सत्य सांगतातच.

मान आणि हात म्हणालो तर आठवलं: म्हातारा चेहरा आणि विशीतले हात ही जोडी फार घात करते. चेहऱ्यावरची पाच मिनिटं वाचवून हाताच्या पाठीवर शिरांच्या दोन बाजूंना सावली आणि बोटांच्या पेरांवर उजाळा द्या. केसांना पावडरऐवजी पांढरा किंवा करडा क्रीम रंग जुन्या टूथब्रशने कानशिलांपासून मागे ओढत लावा. सगळे केस एकसारखे पांढरे करू नका. माणसाचे केस तसे पिकत नाहीत.

जखमांबद्दल थोडं. नव्या मार लागलेल्या जागी त्वचा लालसर आणि सुजलेली असते. एक-दोन दिवसांत ती निळी-जांभळी होते, साधारण पाच ते दहा दिवसांत हिरवट आणि पिवळी पडते, मग विरते. दुसऱ्या अंकात पात्राला मार बसला आणि तिसरा अंक आठवड्यानंतरचा असेल, तर तिसऱ्यात तीच जांभळी खूण घेऊन फिरणं चूक. मधल्या वेळेत तिच्या कडांना पिवळा-हिरवट रंग चढवला की काळ गेल्याचं आपोआप सांगितलं जातं. तोंडातून रक्त येणार असेल तर त्यासाठी तोंडात चालणारंच रक्त वापरा, आणि कोणतंही खोटं रक्त वेशभूषेच्या कापडाच्या तुकड्यावर लावून धुऊन बघा. ते धुतल्यावर जात नाही हे दुसऱ्या प्रयोगाच्या सकाळी कळून उपयोग नसतो.

पेटीत काय, अंगावर काय

क्रीम बेस विरवायला सोपा, पण पावडरने बसवला नाही तर घामाने सरकतो. पॅनकेक पटकन आणि एकसारखा लागतो, पण त्यावर सावल्या विरवणं अवघड जातं. नवख्या हातांनी क्रीम घ्यावं. क्रम असा: स्वच्छ कोरडा चेहरा, बेस, सावल्या आणि उजाळा, पावडर दाबून, मग डोळे-भुवया, आणि मिशी-दाढी सगळ्यात शेवटी. मिशी चिकटवायला स्पिरिट गम लागतो. जिथे ती बसणार तिथे क्रीम नको, नाहीतर पहिल्या मोठ्या संवादाला एक टोक सुटतं. गम लावून तो थोडा चिकट होईपर्यंत बोटाने टपटप करायचं आणि मगच मिशी दाबायची.

सुरक्षिततेत मात्र ढिलाई नको. प्रत्येक नवी वस्तू, विशेषतः गम आणि लॅटेक्स (खोटी त्वचा किंवा जखम करायला वापरतात तो द्रव रबर), प्रयोगाच्या किमान दोन दिवस आधी नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि 24 ते 48 तास वाट बघा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी काहींना गंभीर होते, आधी विचारा. शाळेचे पोस्टर रंग, अ‍ॅक्रिलिक, हस्तकलेची चमकी चेहऱ्यावर चालत नाहीत. डबीवर ‘बिनविषारी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ते त्वचेसाठी किंवा डोळ्याजवळ लावण्यासाठी केलेलं आहे असा होत नाही. मस्कारा आणि काजळ प्रत्येकाचं वेगळं. डोळे येण्याची साथ अख्ख्या संघाला प्रयोगाच्या आठवड्यात आडवी करते. डबीतून रंग थेट ब्रशने न घेता छोट्या चमच्याने पॅलेटवर काढा.

माणसं आणि मिनिटं

कागदावर प्रत्येक पात्राचा एक चेहरा छापा किंवा काढा, त्यावर रंग भरून कुठे काय ते लिहा, आणि पहिल्या रंगीत तालमीनंतर शेजारी फोटो चिकटवा. तुम्ही आजारी पडलात तर दुसरं कुणी त्यावरून काम उरकू शकतं. मग हिशोब: बारा नट, रंगभूषेला तीन जण, प्रत्येकाला वीस मिनिटं, म्हणजे 80 मिनिटं, आणि त्यात कुणाची वेणी, कुणाचा हरवलेला चष्मा धरलेला नाही. वेळ पुरत नसेल तर गर्दीतल्या पात्रांना बेस आणि भुवया स्वतः करायला शिकवा. तुम्ही फक्त प्रमुख दोन-तीन चेहऱ्यांवर बसा.

पात्र नाटकात म्हातारं होत असेल तर तरुण चेहऱ्यापासून सुरू करून दर अंकाला भर घाला. विंगेत उभ्याउभ्या रंग चढवता येतो, काढता येत नाही. गोष्ट मागे जात असेल, म्हणजे म्हातारपणातून तारुण्यात, तर रंगाचा नाद सोडून चष्मा, विग, शाल अशा एका झटक्यात काढता येणाऱ्या गोष्टींवर वय उभारा.

तालमीत एकदा तरी पूर्ण रंगभूषा खऱ्या दिव्यांखाली बघायलाच हवी, आणि ती बघताना तुम्ही शेवटच्या रांगेत बसलेले असायला हवं. डोळे किंचित बारीक करून बघा: जे तेव्हाही उरतं तेवढंच खरं पोचतं. जे दिसलं नाही ते वाढवण्याआधी काढून बघा. अनेकदा कुणाला फरकही जाणवत नाही आणि पाच मिनिटं वाचतात.

प्रयोग संपल्यावर स्पिरिट गम ओढून काढू देऊ नका. त्याचा रिमूव्हर कापसाने कडेला लावून मिशी आपोआप सुटू द्या, मग क्रीम किंवा तेलाने रंग उतरवा, मग साबण. यासाठी पंधरा मिनिटं आणि एक माणूस वेळापत्रकात आधीच धरा. स्पंज त्याच रात्री धुवा, ब्रश अल्कोहोलने पुसून वाळत ठेवा, आणि उद्याच्या प्रयोगाला काय संपलंय त्याची यादी पेटीच्या झाकणावर चिकटवा.